नगरपरिषद, नगरसेवक आणि निवडणूक : खान्देशातील मतदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांतल्या नगरपरिषदांबद्दल मतदार आणि इच्छुक उमेदवार जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत. निवडणूक मतदानाच्या दिवशी होते असे वाटते खरे. पण निम्मा निकाल त्याआधीच मतदार यादीत, घरपट्टीच्या पावतीत आणि जात वैधतेच्या फायलीत लागलेला असतो. म्हणून कागदांच्या प्रश्नांना इथे जास्त जागा दिली आहे.

नगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत, महानगरपालिका : यात फरक काय?

बोलण्यात आपण सगळ्यांनाच ‘पालिका’ म्हणतो. कायद्यात नगरपरिषद आणि नगरपंचायत या दोन्ही १९६५च्या महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियमाखाली येतात. एक लाखावर लोकसंख्या असेल तर ‘अ’ वर्ग, चाळीस हजार ते एक लाख असेल तर ‘ब’ आणि त्याखाली ‘क’ वर्ग. भुसावळ आणि नंदुरबार ‘अ’ वर्गात आहेत. अमळनेर, चाळीसगाव, चोपडा, शिरपूर ही गावे ‘ब’ वर्गात, तर पारोळा, यावल, एरंडोल ‘क’ वर्गात येतात. मुक्ताईनगर, शेंदुर्णी, बोदवड, साक्री, शिंदखेडा, धडगाव इथे नगरपंचायती आहेत. जळगाव आणि धुळे या २००३पासून महानगरपालिका आहेत. त्यांना १९४९चा वेगळा कायदा लागू होतो आणि तिथला महापौर नगरसेवक निवडतात, थेट जनता नाही. म्हणून खालची उत्तरे जळगाव आणि धुळे शहरांना जशीच्या तशी लावू नयेत.

आमच्या गावात नगरसेवक किती, हे कोण ठरवते?

कुणी ठरवत नाही, गणित ठरवते. ‘अ’ वर्गाला किमान ४० सदस्य आणि एक लाखाच्या वर दर ८,००० लोकांमागे एक वाढीव. ‘ब’ वर्गाला किमान २५ आणि चाळीस हजारांच्या वर दर ५,००० मागे एक. ‘क’ वर्गाला किमान २० आणि पंचवीस हजारांच्या वर दर ३,००० मागे एक. उरलेला अपूर्णांक सोडून देतात.

भुसावळचे करून पाहा. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या १,८७,४२१. एक लाख वजा केले की ८७,४२१ उरतात, त्यात आठ हजार पूर्ण दहा वेळा बसतात. चाळीस अधिक दहा, म्हणजे ५० नगरसेवक. अमळनेर ९५,९९४, म्हणजे चाळीस हजारांवर ५५,९९४, पाच हजार अकरा वेळा, एकूण ३६. पारोळा ३७,६६६, म्हणजे २४. नंदुरबार एक लाखाच्या जेमतेम पुढे, १,११,०३७, म्हणून ४१.

‘आता गाव कितीतरी वाढले, जागा तेवढ्याच का?’ हा पुढचा प्रश्न हमखास येतो. २०२१ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे आकडा २०११चाच धरला जातो. नव्या कॉलन्यांमधली माणसे या गणितात नाहीत. मतदार यादीत मात्र ती आहेत. म्हणूनच कागदावर सारख्या दिसणाऱ्या दोन प्रभागांत प्रत्यक्ष मतदारसंख्या बरीच वेगळी निघते.

एका प्रभागात दोन नगरसेवक का?

नगरपरिषदेत द्विसदस्यीय प्रभाग असतात. जागा विषम असतील तर एक प्रभाग तीन सदस्यांचा होतो. नंदुरबारच्या ४१ जागांसाठी २० प्रभाग होतात, त्यातले १९ दोनचे आणि एक तीनचा. नगरपंचायतीत १७ सदस्य आणि प्रत्येक प्रभागाला एकच.

आमची गल्ली मधोमध कापून दोन प्रभागांत का टाकली?

प्रभाग रचनेत जनगणनेचा प्रगणक गट फोडायचा नसतो. प्रगणक गट म्हणजे जनगणनेच्या वेळी एका प्रगणकाकडे दिलेली घरे. त्याची हद्द कधी रस्ता असते, कधी नाला, कधी नुसती भिंत. प्रभागाची लोकसंख्या सरासरीच्या दहा टक्के वर किंवा खाली इतकीच ठेवता येते. ही दोन बंधने एकत्र आली की गल्ली कापली जाते. कधी त्यात हेतूही असतो, नाही असे नाही. पण ‘आमच्यावर अन्याय झाला’ एवढ्याच मजकुराची हरकत टिकत नाही. प्रगणक गटाचा क्रमांक, त्याची लोकसंख्या आणि तो कुठे हलवावा हे लिहिलेली हरकत टिकते. नकाशा प्रारूप असतानाच ती द्यावी लागते. अंतिम रचना प्रसिद्ध झाल्यावर चावडीवर कितीही वाद घातला तरी उपयोग नाही.

आरक्षण कसे पडते? सोडतीत गडबड होऊ शकते का?

सगळेच चिठ्ठीवर नसते. अनुसूचित जाती आणि जमातीच्या जागा लोकसंख्येच्या प्रमाणात ठरतात आणि ज्या प्रभागांत त्यांचे प्रमाण सर्वाधिक, तिथून उतरत्या क्रमाने लावतात. त्यात सोडत नसते. नंदुरबार, नवापूर, तळोदा, शहादा या पट्ट्यात जमातीच्या जागा कुठे जाणार, हे जाणकार आधीच सांगतात ते यामुळेच. नागरिकांच्या मागास प्रवर्गाला (ओबीसींना) २७ टक्क्यांपर्यंत जागा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत, अशी मर्यादा आहे. जमातीची लोकसंख्या जास्त असलेल्या भागात ही मर्यादा लगेच गाठली जाते. महिलांना निम्म्या जागा; ४१चे निम्मे साडेवीस, म्हणून २१. चिठ्ठी लागते ती मुख्यतः कोणती जागा महिलेची आणि कोणता प्रभाग मागास प्रवर्गाचा, यासाठी. सोडत लोकांसमोर होते, तिथे जाऊन बसा.

नगराध्यक्षपदाचे आरक्षण गावात ठरत नाही. संपूर्ण राज्याची सोडत मुंबईत एकत्र होते.

नगराध्यक्ष थेट जनतेतून की नगरसेवकांमधून?

सध्या थेट. २०१६च्या निवडणुकीत थेट होता, २०२०मध्ये पुन्हा नगरसेवकांमधून निवडायचे ठरले आणि २०२२मध्ये परत थेट. सरकार बदलले की हा नियम बदलतो, हे मतदारांच्या आता अंगवळणी पडले आहे. उपनगराध्यक्ष मात्र नगरसेवकच आपल्यातून निवडतात. नगराध्यक्ष एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे, हा प्रकार थेट निवडीमुळेच होतो.

माझे नाव विधानसभेला होते, आता पालिकेच्या यादीत नाही. का?

राज्य निवडणूक आयोग स्वतःची मतदार यादी तयार करत नाही. भारत निवडणूक आयोगाची विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेऊन ती प्रभागनिहाय फोडतात. डिसेंबर २०२५च्या निवडणुकीसाठी ती तारीख १ जुलै २०२५ होती. त्यानंतर नाव नोंदवलेला मतदार पुढच्या निवडणुकीत मतदान करतो, त्या निवडणुकीत नाही.

म्हणून प्रारूप यादीवरच्या हरकतीत नवे नाव घालता येत नाही आणि मेलेल्याचे नाव काढताही येत नाही. दुरुस्त होतात त्या फक्त फोडताना झालेल्या चुका. विधानसभेच्या यादीत नाव आहे पण प्रभागाच्या यादीत आले नाही, किंवा राहता प्रभाग ६मध्ये आणि नाव पडले ९मध्ये, अशा. हरकतीसोबत विधानसभेच्या यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक जोडा. नुसते ओळखपत्राचे झेरॉक्स देऊन भागत नाही.

नवे नाव घालायला नमुना ६, नाव काढायला नमुना ७, पत्ता बदलायला नमुना ८. हे वर्षभर चालते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणारा दरवेळी हाती काही न लागता परततो.

सुरतला राहतो, नाव तिथेही आहे आणि अमळनेरलाही. मत देता येईल का?

उधना, लिंबायतला पोटासाठी गेलेल्या खान्देशी माणसांची ही जुनी अडचण. कायद्याने नाव एकाच ठिकाणी असावे लागते. दोन ठिकाणी ठेवणे हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०चा भंग आहे. एक ठिकाण ठरवा आणि दुसरीकडचे नाव नमुना ७ भरून काढा. गावातल्याच दोन प्रभागांत नाव असेल तर यादीत त्यापुढे दोन तारे येतात. अशा मतदाराकडून तो कुठे मतदान करणार हे आधी लिहून घेतात, आणि लिहून दिले नसेल तर केंद्रावर हमीपत्र घेऊनच मतदान करू देतात.

उमेदवार व्हायला काय लागते?

वय २१ पूर्ण आणि त्या नगरपरिषदेच्या मतदार यादीत नाव. नाव कोणत्याही प्रभागात असले तरी चालते, दुसऱ्या प्रभागातून उभे राहता येते. सूचक, म्हणजे अर्जावर उमेदवाराचे नाव सुचवणारा मतदार, मात्र त्याच प्रभागातला लागतो. सूचकाचा यादीतला क्रमांक जुन्या यादीवरून लिहिला की अर्ज छाननीत अडकतो. ही चूक दर निवडणुकीत होते.

अर्ज कशामुळे बाद होतात?

सर्वाधिक त्रास थकबाकीचा. घरपट्टी, पाणीपट्टी, पालिकेच्या गाळ्याचे भाडे यांपैकी काहीही उमेदवाराच्या नावे बाकी असेल तर विरोधक छाननीत तेच काढतो. घर वडिलांच्या नावावर, नळ आजोबांच्या नावावर आणि गाळा भावाच्या, अशी आपल्याकडची पद्धत. त्यामुळे ‘माझी बाकी नाही’ म्हणणाऱ्याची कुठेतरी निघतेच. थकबाकी नसल्याचा दाखला अर्ज भरायच्या आठवड्यात मागायला जाऊ नका. त्या दिवसांत वसुली खिडकीवर रांग लागते आणि जुन्या पावत्यांचा ताळमेळ लावायला वेळ जातो. महिनाभर आधी भरा, पावती जपा.

दुसरे कारण अपत्यांचे. १२ सप्टेंबर २००१नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे एकूण संख्या दोनपेक्षा जास्त झाली की उमेदवार अपात्र. ‘तिसरे मूल बहिणीला दत्तक दिले’ हा बचाव चालत नाही. जन्म दिलेले मूल मोजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्ये ओडिशातल्या एका सरपंचाच्या प्रकरणात हे स्पष्ट केले आहे.

तिसरे, पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध. भागीदारीतला ठेका असला तरी तो मोजला जातो. शिवाय शौचालय वापराचा दाखला, गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांचे शपथपत्र आणि निवडणूक खर्चासाठी वेगळे बँक खाते लागते. शपथपत्रात रकाना कोरा सोडू नका. लागू नसेल तर ‘निरंक’ लिहा. कोरा रकाना म्हणजे माहिती लपवली, असा अर्थ निघतो.

पक्षाचा एबी फॉर्म, म्हणजे अधिकृत उमेदवारीचे पत्र, अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडावा लागतो. सही शाईची हवी, झेरॉक्स किंवा शिक्का नको. बंडखोरी टाळायला पक्ष फॉर्म अखेरच्या तासापर्यंत दाबून ठेवतात आणि त्यात स्वतःचाच उमेदवार गमावतात.

जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर राखीव जागेवर उभे राहता येते का?

येते, पण तलवार डोक्यावर राहते. जातीचा दाखला लागतोच. वैधता प्रमाणपत्र नसेल तर पडताळणी समितीकडे अर्ज केल्याचा पुरावा आणि निवडून आल्यापासून सहा महिन्यांत प्रमाणपत्र देण्याचे हमीपत्र जोडावे लागते. मुदतीत दिले नाही तर निवड पूर्वलक्षी प्रभावाने रद्द होते, म्हणजे आपण कधी निवडूनच आलो नव्हतो असे धरतात.

खान्देशात हा प्रश्न इतर भागांपेक्षा अवघड आहे. भिल्ल, पावरा, तडवी, मावची यांच्या जुन्या नोंदी बऱ्याचदा मिळतात. पण टोकरे कोळी, ठाकूर अशा दाव्यांत जुन्या शाळा-दाखल्यावर नुसते ‘कोळी’ किंवा दुसरीच नोंद असते आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालते. पडताळणीत रहिवासाची ठरावीक तारीख महत्त्वाची. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त व भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीचा आजोबा-पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद, जुना महसुली उतारा शोधा आणि वंशावळ त्याला जुळवा. रक्ताच्या नात्यातल्या, वडिलांकडच्या कुणाची वैधता झाली असेल तर तो सर्वांत भक्कम पुरावा. सासरचे कागद इथे उपयोगी नाहीत. विवाहित महिला उमेदवाराची माहेरच्या नावाची जात धरतात, आणि नावबदलाचा पुरावा नसला की फाईल तिथेच अडते.

अर्ज बाद झाला तर दाद कुठे मागायची?

जिल्हा न्यायाधीशांकडे, तीन दिवसांत. माघारीच्या दोन तारखा असतात त्या यामुळे : जिथे अपील नाही तिथे आधीची, अपील आहे तिथे नंतरची. २०२५मध्ये मतदान २ डिसेंबरला होते. पण राज्यात अनेक ठिकाणी अपिलांचे निकाल उशिरा आल्याने तिथले मतदान २० डिसेंबरला घ्यावे लागले आणि सगळ्यांचीच मोजणी २१ डिसेंबरपर्यंत लांबली.

खर्च किती करता येतो?

नोव्हेंबर २०२५मध्ये मर्यादा वाढवली. ‘अ’ वर्गात नगराध्यक्षाला १५ लाख, नगरसेवकाला ५ लाख. ‘ब’ वर्गात ११ लाख २५ हजार आणि ३ लाख ५० हजार. ‘क’ वर्गात साडेसात लाख आणि अडीच लाख. नगरपंचायतीत ६ लाख आणि सव्वादोन लाख. म्हणजे भुसावळचा उमेदवार पाच लाख खर्च करू शकतो, यावलचा अडीच. हिशेब रोजचा रोज लिहायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत सादर करायचा. पडलेला उमेदवार इथे हमखास आळस करतो आणि पुढच्या वेळी अपात्रतेची नोटीस हातात घेऊन येतो. हिशेब पडलेल्यालाही द्यावाच लागतो.

मशीनवर किती बटणे दाबायची?

द्विसदस्यीय प्रभागात तीन : नगराध्यक्षाचे एक, ‘अ’ जागेचे एक आणि ‘ब’ जागेचे एक. तीन सदस्यांच्या प्रभागात चार. एकाच जागेवर दोन मते देता येत नाहीत. ‘मला फक्त आमच्या माणसाला द्यायचे’ म्हणून एक बटण दाबून निघू नका, मशीन अडून राहते आणि मागे रांग थांबते. उरलेल्या जागांवर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ दाबा. लांब आवाज आला की मतदान पूर्ण. या निवडणुकीत मताची चिठ्ठी दाखवणारे यंत्र नसते, ते शोधू नका. वेळ सकाळी साडेसात ते सायंकाळी साडेपाच. साडेपाचला आवारात असलेल्या सर्वांना मतदान करू देतात.

बिनविरोध झाले तर?

मतदानच होत नाही. २०२५मध्ये दोंडाईचात नगराध्यक्ष आणि सर्व २६ नगरसेवक बिनविरोध निवडून आले. तिथल्या मतदाराला ‘कोणीही नाही’ म्हणण्याचीही संधी राहिली नाही.

समान मते पडली तर?

चिठ्ठी टाकतात.

स्वीकृत नगरसेवक म्हणजे कोण?

निवडून न येता सभागृहात बसणारे. एकूण संख्येच्या दहा टक्के किंवा पाच, यातली कमी असेल ती संख्या. भुसावळला पाच, पारोळ्याला दोन. डॉक्टर, वकील, अभियंता, समाजकार्याचा अनुभव असलेले लोक घ्यावेत अशी अपेक्षा आहे. प्रत्यक्षात पडलेल्या किंवा तिकीट न मिळालेल्या माणसाची इथे सोय लावली जाते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. गटांच्या संख्याबळानुसार जागा वाटतात. चर्चेत भाग घेता येतो, मत देता येत नाही.

गटनोंदणी एवढी महत्त्वाची का?

स्वीकृत सदस्य आणि विषय समित्या, दोन्हींचे वाटप गटाच्या संख्येवर होते. अपक्षांनी आघाडी करायची तर निकाल अधिसूचित झाल्यापासून एका महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंदवावी लागते. एकदा नोंदले की १९८६चा पक्षांतरबंदी कायदा लागतो. गटाचा व्हिप, म्हणजे कुणाला मत द्यायचे याचा आदेश, मोडला तर जिल्हाधिकारी अपात्र ठरवू शकतात. सहलीला नेलेले नगरसेवक परत आल्यावर सर्वांत आधी जिल्हाधिकारी कार्यालयात दिसतात, त्याचे कारण हे.

नगरसेवकाला निधी किती मिळतो?

आमदारासारखा स्वतःचा हक्काचा निधी नगरसेवकाला नसतो. प्रभागातले काम अर्थसंकल्पात तरतूद असली तरच होते. आधी ठराव, मग अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश आणि शेवटी रस्ता. ‘ठराव झाला’ म्हणून पेढे वाटणाऱ्याला विचारा, निविदा निघाली का? पैसे खर्च करण्याचा आणि कर्मचाऱ्यांना आदेश देण्याचा अधिकार मुख्याधिकाऱ्याकडे आहे. झाडूवाला आला नाही तर नगरसेवक फोन करू शकतो, नोटीस काढू शकत नाही. बेकायदा किंवा लोकहिताविरुद्धचा ठराव जिल्हाधिकारी कलम ३०८ खाली थांबवू शकतात.

सभा किती वेळा व्हायला हवी?

दोन महिन्यांतून एकदा तरी साधारण सभा. सात पूर्ण दिवसांची नोटीस; विशेष सभेला तीन. एकचतुर्थांश सदस्यांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावी लागते. परवानगीशिवाय सलग सहा महिने सभांना न येणारा नगरसेवक पद गमावतो. स्वतः किंवा जोडीदाराने बेकायदा बांधकाम केले तरी अपात्रता येते. आपला नगरसेवक सभेत काय बोलला, कुठे मत दिले, हे इतिवृत्तात असते. माहिती अधिकाराचा अर्ज करा, शुल्क १० रुपये आणि प्रतीला पानामागे २ रुपये. अर्जात ‘सर्व ठराव’ असे लिहू नका. सभेची तारीख आणि विषय क्रमांक लिहा, नाहीतर माहिती मोठ्या प्रमाणावर आहे या नावाखाली कार्यालयात येऊन पाहून घ्या, असे उत्तर येते.

निकालच मान्य नसेल तर?

जिल्हा न्यायालयात निवडणूक याचिका. निकाल राजपत्रात प्रसिद्ध झाल्यापासून दहा दिवस. इथे मुदत महिन्यांत नाही, दिवसांत मोजा. अकराव्या दिवशी कितीही चांगला पुरावा नेला तरी याचिका टिकत नाही. वैधता, अपत्ये, ठेका यांवरून नंतर आलेली अपात्रता हा वेगळा मार्ग आहे, त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.